नाताळपर्यंतचे बुधवार

तुमच्या मंडळीतला एखादा तरुण सेवेतून पळाला, तेव्हा त्याला नेमकं काय काम सांगितलं होतं, हे तुम्ही स्वतःला विचारलंत का? मी विचारलं नव्हतं. मी त्याला भेकड म्हणालो होतो.

रूथबाई देवाघरी जाऊन सहा आठवडे झाले. रेवसजवळच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती देवळात तरुण संघ त्यांनीच उभा केला. निरोप आला तेव्हा दुःखाआधी भीती वाटली... आता संघ बुडाला!

संघ सुरू झाला तेव्हा देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि देशसेवेची पत्रकं वाचून माझं डोकं तापलेलं होतं. मीही संघासाठी एक पत्रक छापलं : ‘आजन्म सेवा देणाऱ्यांनीच यावं.’ बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. “यात वार कुठला, वेळ कुठली? आणि सुटी?”

“सेवेला सुटी नसते, बाई.”

“मग तुझ्या सेवेला माणसंही नसतील हो!”

अकरा जणांनी भर उपासनेत उभं राहून शपथ घेतली. पुढे त्यांतल्या दानिएलला लाँचवर नोकरी लागली, रविवारीही जावं लागणारी. शपथ मोडली म्हणून तो लाजेने देवळातच यायचा थांबला. नाताळलासुद्धा आला नाही. मी त्याच्यावर तोंडसुख घेत राहिलो. बाई मात्र मला ओढत धक्क्यावर घेऊन गेल्या.

दानिएल दोर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “बाई, माझ्याच्यान जमायचं न्हाय.”

“रविवार कोण मागतंय तुझ्याकडे? बुधवारी संध्याकाळी मोकळा असतोस ना? मुलांना गाणी शिकव. ईस्टरपर्यंत. मग नको वाटलं तर तोंडावर सांग, लपू नकोस. आणि हा पत्रकवाला ओरडला तर मला सांग.”

तो हसला. ईस्टर झाल्यावर त्याने आपणहून पुढची मुदत मागून घेतली.

बाईंना मूठमाती दिल्यानंतरच्या बुधवारी मी देवळामागच्या खोलीकडे गेलो, दाराला कुलूपच दिसेल या खात्रीने. आतून पेटी ऐकू आली. दानिएल मुलांना सूर देत होता. मी दारात उभा राहिलो.

“आज तरी बंद ठेवायचंस रे,” मी म्हणालो.

“का? बाईंनी नाताळपर्यंत सांगितलंय. अजून चार बुधवार हायत.”

वाचकहो, येत्या रविवारी कुणा तरुणाला सेवेसाठी विचाराल, तर त्याआधी एका कागदावर काम, वार आणि शेवटचा दिवस लिहा. तो कागद त्याला वाचून दाखवा. आणि तो ‘नाही’ म्हणाला, तरी पुढच्या उपासनेला त्याच्यासाठी शेजारी जागा धरून ठेवा.