जोत्याचं माप

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो लासूर स्टेशनच्या एका गवंड्याचा. माझे वडील त्यांच्या हाताखाली बिगारी होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. दहावीनंतर वडिलांनी मला कामावर आणलं, तेव्हा चाचांनी मला घमेल्याला हात लावू दिला नाही. पुढं इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या दिवशी स्वतःचं काम बंद ठेवून ते माझ्याबरोबर शहरात आले. घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो.

आता मी शहरातल्या बांधकाम परवानगीच्या कार्यालयात कनिष्ठ अभियंता आहे. जोता भरला की भिंती उभारण्याआधी आम्ही जाऊन तपासतो. हद्दीपासून किती जागा सोडली ते टेपनं मोजतो. मागच्या उन्हाळ्यात पैठण रोडकडच्या एका प्लॉटवर गेलो. मालक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. हद्दीचा दगड मातीखाली गेला होता. त्यांच्या मिस्त्रीनं शेजाऱ्याच्या कंपाउंडपासून आखणी केली होती. मीही तिथूनच माप घेतलं. सगळे तसंच करतात. 'नकाशाप्रमाणे' असा शेरा लिहून सही केली.

स्लॅब टाकून झाल्यावर शेजाऱ्याची तक्रार आली. पाण्याच्या पाइपसाठी त्यानं आपलं कंपाउंड स्वतःच्याच जागेत दोन फूट आत बांधलं होतं. मोजणीवाल्यांनी दगड उकरून काढला. नवं घर हद्दीकडे दोन फूट पुढं आलं होतं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"जोता बरोबर होता, मालकानं नंतर वाढवलं, असं लिहा. एका ओळीत सुटता."

"पण सर, त्यांनी नाही वाढवलं."

"परिविक्षाधीन आहात ना अजून, कायम नाही? पाचपर्यंत अहवाल द्या."

बाहेर बाकड्यावर ड्रायव्हरकाका बसले होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या सहीचा दाखला.

"साहेब, तुमचा कागद हाय ना माझ्याकडं? मग कशाला भ्यायचं? मंडळी लई घाबरलीय. तिला म्हणलं, तीस वर्षं गाडी चालवली, एक मेमो घेतला नाय. आता म्हातारपणी घरापायी घेईन व्हय?"

आणि स्वतःच हसले.

मी खुर्चीत येऊन टाइप केलं, 'जोता तपासणीनंतर मालकाने'. पुढं बोट चालेना. पाचला वीस मिनिटं कमी होती. ते तीन शब्द पुसले आणि दुसरा अहवाल लिहिला. त्याच आठवड्यात चाचांना हे पत्र पाठवलं:

"चाचा, सलाम. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. एका घराचा जोता तपासताना मी हद्दीचा दगड न शोधता शेजाऱ्याच्या कंपाउंडपासून मोजलं, चूक माझी, असं लिहून दिलंय. मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. नोकरी राहील की नाही, माहीत नाही. घरमालक काकांवर फसवणुकीचा ठपका आला नाही, पण बाजूची भिंत दोन फूट आत घ्यावीच लागणार. स्लॅबची कड त्याच भिंतीवर आहे. इथले मिस्त्री सगळंच पाडू म्हणतात. टेकू देऊन स्लॅब वाचेल का, ते तुम्ही रविवारी येऊन बघाल का? स्टेशनवर मी न्यायला येतो. काकांना मी सगळं सांगितलंय. ते माझ्याशी बोलत नाहीत. तुम्हाला मात्र आत येऊ देतील."