दसरूभाऊचे नवेकोरे जुने टायर

टायर पाण्याच्या टाक्यात बुडवला आणि मी बुडबुड्याची वाट पाहत बसले. खिळा घुसला असला की एकाच जागेवरून बुडबुडे येतात. तिथं खडूनं खूण करायची, भोकात पट्टी भरायची, काम झालं. पण हा टायर सगळीकडूनच बुडबुडे सोडत होता. बारीक बारीक, मोहरीएवढे. जसं काही पाण्याखाली चाक दम घेऊन राहिलं होतं.

"झालं काय?" दसरूभाऊनं मागून विचारलं. "लवकर कर बाई, मले नागपूर गाठाचं हाय."

मी चाक फिरवलं, दुसरी बाजू बुडवली. तिथंही तेच.

आमचं टायरचं दुकान कोहमाऱ्याच्या चौकात आहे. चार बांबू, वर टिन, एक कॉम्प्रेसर आणि हे सिमेंटचं टाकं. दुकान आमच्या ह्यांचं. मी आधी नुसती पाना उचलून द्यायची, मग पाना फिरवायला लागले, मग ह्यांचे गुडघे गेले आणि सगळंच माझ्याकडे आलं. आता हे खुर्चीत बसून ऑर्डर देतात आणि मी माझ्या मनाचं करते. शाळेत मी फार गेले नाही. इंग्रजी अक्षरं आणि आकडे ओळखायला शिकले ते टायरवर छापलेले पाहून पाहून.

दसरूभाऊ माझ्या माहेरगावचा, म्हणून भाऊ. फॉरेस्टात वनरक्षक होता. रिटायर झाल्यावर त्यानं एक पांढरी छोटी गाडी घेतली, जुनीच, पण पोटच्या लेकरासारखी ठेवली. रस्त्यावर ती फार कमी दिसायची. पेन्शनसाठी सडक अर्जुनीच्या बँकेत, दसऱ्याला देवाला, बस. बाकी वर्षभर धानाच्या कोठ्याशेजारी, अंगावर पोत्याचं पांघरूण घेऊन उभी.

त्या दिवशी मात्र मोठं काम होतं. त्याची पोरगी रोशनी नागपूरला नर्स आहे. तिला मुलगा झाला होता आणि दवाखान्यातून सुट्टी मिळणार होती. बाळंतीण माहेरी यायची होती. जावयानं सांगितलं, एसी गाडी करून देतो. रोशनी म्हणाली, नको, मी बाबाच्याच गाडीनं येईन. एवढं ऐकून दसरूभाऊ पहाटेपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. गाडीत पुढच्या सीटवर फुलवंतावहिनी, मांडीवर डिंकाच्या लाडवाचा डबा.

"भाऊ," मी म्हटलं, "हे पंक्चर नाही. टायर गेला तुहा."

"गेला? कुठं गेला? नवाकोरा हाय तो. नक्षी पाय न."

नक्षी म्हणजे टायरच्या वरच्या भागावरचे खाचखळगे. रस्ता धरून ठेवायचं काम त्यांचं. टायर झिजला की नक्षी गुळगुळीत होते. दसरूभाऊच्या टायरची नक्षी खरंच उभी होती, बोट घातलं तर नखभर आत जाईल अशी. लोक इथंच फसतात, बरं का. टायरला दोन वयं असतात. एक रस्त्यानं येणारं, ते नक्षीवर दिसतं. दुसरं नुसतं उभं राहून येणारं. ऊन, हवा, गरमी रबराला आतून खाते. ते वय बाजूला दिसतं, साइडवॉलवर. साइडवॉल म्हणजे टायरची बगल. गाडी पळते तेव्हा नक्षी रस्त्याला घासते, पण सगळं वजन तोलत लवते ती ही बगल. ती सुकली की तिला तडे जातात. नक्षीत खिळा घुसला तर टायर दुरुस्त होतो. बगलेला पट्टी टिकत नाही, कारण ती सारखी लवत असते.

मी बाकीची तीन चाकं पाहिली. चारही टायर तसेच. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन वर्षाचे. ते वाचले. टायर आठ वर्षांचे होते. डिक्कीतली स्टेपनी तर त्याहून म्हातारी, टकलीच.

"चारही बदलावे लागतीन," मी म्हटलं.

झालं. दसरूभाऊ असा उठला की जसा मी त्याच्या गाडीला नाही, त्यालाच काही बोलले.

"तू? तू म्हनून राहिली बदल म्हनून? ट्रकवाल्यांचे फाटके टायर तू जोडून देतं. त्या रेतीवाल्याच्या टायरले तं तू टाके घातले होते, साऱ्या चौकानं पायलं. आन माह्याच टायरले हात नाही लावत?"

"त्या ट्रकात रेती असते, भाऊ. तुह्या गाडीत नातू बसन."

"हळूहळू आनतो न. चाळीसच्या वर नाही नेत."

"मे महिना हाय. सडक तव्यासारखी तापली. टायर तुले विचारून फुटन काय?"

ह्यांनी खुर्चीतून मध्येच तोंड घातलं, "एक ट्यूब टाकून दे आतून. नागपूरपर्यंत जाईन."

"जाईन," मी म्हटलं, "आन वापस?"

ह्यांनी बिडी पेटवली.

आता खरं सांगते. मी टायर विकत नाही. मी फक्त जोडते. बदल म्हटल्यानं माझ्या पदरात काहीच पडत नव्हतं, उलट गिऱ्हाईक जात होतं. हे दसरूभाऊला ठाऊक होतं. तरी तो ऐकत नव्हता, म्हणजे गोष्ट टायरची नव्हती. पण मग कशाची, ते मला तेव्हा कळेना.

मी पुन्हा चाकाजवळ बसले. तड्यांवरून फडका फिरवला. फडका काळा आणि तेलकट झाला. नाकाला लावून पाहिलं आणि हसूच आलं. डिझेल नाही, ग्रीस नाही. मोहाचा वास.

"भाऊ, टायरले टोरीचं तेल लावतं काय तू?"

टोरी म्हणजे मोहाची बी. आमच्या भागात तिचं तेल काढतात. दिव्याला, भाजीला, भेगाळलेल्या टाचांना, बैलाच्या शिंगांना, सगळ्याला तेच. माणसाच्या चामड्याला फार गुणाचं. रबराला मात्र विष. तेल पिऊन रबर फुगतं, नरम होतं, त्याचा जीव सुटतो. वरून मात्र असं चमकतं की दुकानातून आत्ता आणलं. शिवाय कोठ्यातल्या उंदरांना तो वास फार आवडतो. मागच्या टायरवर मला दात दिसले.

दसरूभाऊ दुसरीकडे पाहायला लागला. पण गाडीचं दार उघडलं.

"टोरीचं तेल?" फुलवंतावहिनी लाडवाचा डबा घेऊनच खाली उतरल्या. "माही बाटली! दर महिन्याले बाटली कुठं जाते म्हनून मी सुनेले बोललो. ते बिचारी रडली. आन हा बुढा टायरले चोपडून राहिला!"

"थोडंसंच लावतो," दसरूभाऊ म्हणाला. "रविवारी."

"माह्या टाचा फाटल्या तं कधी लावलं नाही!"

ह्यांना खुर्चीत इतकं हसू आलं की बिडी खाली पडली. मीही हसत होते. पण दसरूभाऊ हसला नाही. तो चाकाजवळ उभा राहून बगलेवरून हात फिरवत होता, जसं बैलाच्या पाठीवरून फिरवतात.

"कायले लावत होता रे?" मी हळूच विचारलं.

वहिनींचाच आवाज खाली आला. "पोरीच्या पहिल्या पगाराचे हाएत ते," त्या म्हणाल्या. "नोकरी लागली न, तवा पहिला पगार घेऊन आली. बाबा, तुमच्या गाडीचे टायर पाहवत नाही म्हने. सडक अर्जुनीले नेऊन चारही टाकून देल्ले. तवापासून हा गाडी कमी चालवते. झिजतीन म्हनते."

आता मला कळलं. आणि कळल्यावर काम जास्तच अवघड झालं. फाटकं रबर फेक म्हणायला मला काही वाटत नाही. पोरीचा पहिला पगार फेक कसं म्हणायचं? आणि तेही ज्या दिवशी तो तिला आणायला निघाला, त्या दिवशी. ती पोरगी गाडीत बसताना आपले टायर पाहील, हेच त्याच्या मनात असणार.

मी वहिनींना पाणी दिलं. मग दसरूभाऊला चाकाजवळ बसवलं.

"भाऊ, तू जंगलात उभं वाळलेलं झाड पाहायचा न? कसं वळखायचा?"

"साल दाबाची," तो म्हणाला. "जित्ती असन तं वापस येते. वाळली असन तं भुगा पडते."

"मंग याले दाब."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग अंगठ्याचं नख बगलेच्या तड्यात घातलं आणि दाबलं. रबराची खपली निघाली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडली. त्यानं दुसऱ्या जागी दाबलं. तिथंही निघाली. आत दोऱ्यांचं जाळं दिसायला लागलं. टायरचं सगळं बळ त्या दोऱ्यात असतं.

"अशा झाडाखाली कोनाले बसू द्यायचा तू?"

"नाही," तो म्हणाला. "हाकलून द्यायचो." मग शर्टावरची खपली झटकून, "वाळले बाप्पा हे."

त्यानंतर त्यानं एकदाही वाद घातला नाही. मी गाडी विटांवर चढवली, चारही चाकं खोलली आणि मालवाहू ऑटोत टाकली. आमचे हे, आपले गुडघे विसरून, त्याच्यासोबत सडक अर्जुनीला गेले. तिथल्या दुकानात मशीन आहे. टायर बदलून देतात आणि बॅलन्सिंगही करतात, म्हणजे चाकाला कुठं जड-हलकं असेल तिथं शिशाचे छोटे तुकडे लावतात, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं. स्टेपनीही बदला, असं मी दोनदा बजावलं. तोवर वहिनी आणि मी भाकर-चटणी खाल्ली. वहिनींनी सुनेला फोन लावला आणि तेलाचा छडा लागल्याचं सांगितलं. माफी काही मागितली नाही, पण "येताना तुह्यासाठी साडी आनतो" म्हणाल्या. सासूची माफी अशीच असते.

ते परत आले. मी चाकं चढवली, नट आवळले, हवा तपासली. दसरूभाऊनं रोशनीला फोन केला, "रस्त्यात जरा काम निघालं," एवढंच बोलला. निघताना मला म्हणाला, "जुने फेकू नोको."

"नाही फेकत."

"कोनाले देऊही नोको."

"जाय न रे बाबा, पोरगी वाट पाहत असन."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर पांढरी गाडी चौकात येऊन थांबली. मागं रोशनी, तिच्या कुशीत टॉवेलात गुंडाळलेलं लेकरू, इवलंसं, लालभडक. मी हात धुवून पाहायला गेले. रोशनी चहा घ्यायला खाली उतरली. दसरूभाऊ नागपूरपासून पोटात काहीतरी घेऊन आला होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. पोरीनं कप तोंडाला लावला तसा तो बोललाच.

"रोशनी, तुह्ये टायर बदलून टाकले बाई. फुटाचे हाएत म्हने ही."

"कोनते टायर, बाबा?"

"तुह्ये. पहिल्या पगाराचे."

तिला आठवायलाच वेळ लागला. मग ती हसली. "अजून तेच होते? मले वाटलं कवाच बदलले असतीन. इतके वर्ष झिजले कसे नाही?"

वहिनी म्हणाल्या, "झिजू नाही देल्ले त्यानं. गाडी काढतच नव्हता."

रोशनीचं हसू थांबलं. तिनं कप माझ्या टाक्याच्या कठड्यावर ठेवला.

"म्हनून येत नव्हते काय तुमी? मी दर दिवाळीले म्हनायची, बाबा गाडी घेऊन या, दोन दिवस राहा. तुमी म्हनायचे, पाहू. मले वाटायचं, पोरीच्या घरी राहायले तुमाले जमत नाही." तिनं बापाच्या शर्टाची बाही धरली. "बाबा, मी टायर कायले घेऊन देल्ले होते?"

"कायले?"

"तुमी यावं म्हनून."

चौकात ट्रकांचे हॉर्न चालले होते. दसरूभाऊ पायाखालच्या गिट्टीकडे पाहत राहिला. मग लेकरू रडलं आणि सगळ्यांनाच बरं वाटलं.

जाताना त्यानं मला सांगितलं, जुन्या टायरचं काय करायचं ते कर. मी ते टिनावर ठेवले. वादळात टिन उडत नाही आता.

माझ्या धंद्यातून मला कळलं ते एवढंच. टायर चालवला तर त्याला रस्ता खातो, जपून ठेवला तर हवा खाते. काहीही केलं तरी तो जाणारच आहे. मग कुठं तरी पोचून गेलेला बरा. आणि घरी गाडी उभी असेल तर आज नक्षी पाहू नका, बगल पाहा, आणि ते चार आकडे वाचा.

रोशनी नागपूरला परत गेली तसा दसरूभाऊही महिन्यातून एकदा तिकडे जायला लागला. कधी तांदूळ घेऊन, कधी नातवाला ताप आला म्हणून, कधी काहीच कारण नसताना. जाताना माझ्याकडे हवा तपासतो. मागच्या महिन्यात मी चाकाजवळ बसून नक्षीत बोट घातलं आणि म्हटलं, "भाऊ, निम्मे घासले बाप्पा. पुढच्या साली पाहावं लागन."

"झिजले काय?" त्यानं विचारलं, आणि खाली वाकून स्वतः पाहिलं. मग वहिनींना हाक मारली, "ओ, पाय न इकडे. झिजले!"

इतकं खूश होऊन टायर पाहणारं गिऱ्हाईक मी माझ्या जन्मात दुसरं पाहिलं नाही.