फॉन्टच्या ओळीवरची टीप

शेंगाचटणीचा वास आला की शुक्रवार पेठेतलं आमचं छोटं ऑफिस आठवतं. एका दवाखान्याचा जुना प्रोग्राम पायथनच्या नव्या आवृत्तीत न्यायचा होता. फाइलींच्या माथ्यावरच्या इम्पोर्टच्या ओळी, म्हणजे आधी काय काय जोडून घ्यायचं ते सांगणाऱ्या, एका तयार टूलनं मिनिटभरात बदलल्या, शिवाय अक्षरक्रमानं लावूनही दिल्या. मी न वाचताच काम दवाखान्याला देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी केसपेपरवर नावांच्या जागी नुसते चौकोन उमटले आणि पेशंट खोळंबले. मूळ प्रोग्राम लिहिणारे निवृत्त सर आले. भाकरी-चटणी खात त्यांनी फाइल पाहिली आणि अक्षरक्रमात खाली गेलेली, मराठी अक्षरं सगळ्यात आधी जोडून घेणारी फॉन्टची ओळ पुन्हा सगळ्यात वर नेली. “ही हलवू नका, अशी शेजारीच मराठीत टीप लिहिलीय की मी.” “टूलनं हलवली, सर.” “त्याला मराठी येत नाही. तुम्हाला येतं की.” आता टूल लावण्याआधी मी सगळ्या टिपा वाचतो, आणि माझ्याही मराठीतच लिहितो.