मनुबाईंनी माहेर मेढ्याला आणलं

मेढ्याच्या मनुबाईंसमोर कुणी 'नियमच तसा आहे' म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. नियम ज्यानं केला त्याला बोलवा, एवढंच त्या म्हणायच्या आणि बसून राहायच्या.

त्यांची सून शिवांजली पहिलटकरीण. रक्तदाब वाढलेला, सिझर करावं लागेल असं डॉक्टर म्हणत होते. मुलगा शिवतेज शिरवळच्या कारखान्यात कामाला. त्याच्या विम्यात बायकोचं बाळंतपण बसत होतं, पण साताऱ्यातल्या ठरलेल्या दवाखान्यातच. शिवांजलीचं माहेर सांगलीजवळ, आणि पहिलं बाळंतपण आईकडे हे तर सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. आईचा फोन ठेवला की पोरगी गुपचूप डोळे पुसायची, आणि ते मनुबाईंना अजिबात बघवत नव्हतं.

अशात आमदारांनी गरोदर बायकांचा विमा वाढवणारं विधेयक आणायचं ठरवलं आणि साताऱ्यात बायकांची बैठक बोलावली. मसुदा वाचून झाला, टाळ्या पडल्या. मनुबाई पहिल्या रांगेतून उठल्या.

"समदं ब्येस हाय. पर विमा सासरच्या पत्त्यावर अन् बाई बाळंतपणाला माहेरी. बाई जाईल तिथं तिचा विमा जायला पायजे."

आमदारांनी तिथल्या तिथं ते लिहून घ्यायला लावलं. मनुबाईंची छाती फुगली, खोटं कशाला सांगा.

"कायदा कवा हुयाचा?"

"मांडू पुढच्या अधिवेशनात. वर्ष तरी जाईल, मावशी."

शिवांजलीला आठवा लागला होता. घरी येताच मनुबाईंनी विहिणीला, साळूबाईंना, फोन लावला. "लेक येत न्हाई तर तुमीच या."

साळूबाई आल्या, पण उंबऱ्याजवळच टेकल्या. सोबत लेकीसाठी पीठ आणि हळद, स्वतःसाठी फडक्यात भाकरी आणि पाण्याची बाटली. "नातवंड हुईपतूर लेकीच्या घरचं पाणी बी चालत न्हाई आमाला. सांजच्या गाडीनं जाते."

शिवांजलीचा चेहरा पडला. मनुबाईंनी कमरेची किल्ली काढून विहिणीच्या ओटीत टाकली.

"आजपासनं घर तुमचं. पीठ तुमचं, हळद तुमची. नळ नगरपंचायतीचा हाय, माझ्या बापाचा न्हाई. बाळंतपण साताऱ्यात करा, पर माहेर हितं मांडा. मी पाव्हणी. वाढाल तवा जेवीन."

साळूबाईंनी किल्ली उचलून कमरेला लावली. मग पदर खोचून त्यांनी लेकीला विचारलं, तवा कुठं ठेवलाय.

भाकऱ्या झाल्या. शिवांजली आईला चिकटून बसली आणि पोटभर जेवली. मनुबाई समोर मांडी घालून, हात आवरून. स्वतःच्याच घरात भाजी मागायची कशी, ते त्यांना सुचेना.

साळूबाईंनी ते पाहिलं आणि पातेलं पुढं केलं. "घ्या की विहीणबाई. आमच्याकडं लाजायचं न्हाई."