हाडजोडीवाले सर

बुलढाण्याच्या कॉलेजात वानखडे सर आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. कोणी काही ठामपणे सांगितलं की चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "तू सोता पाह्यलं का?" पुस्तकात आहे म्हटलं तर म्हणायचे, "पुस्तकवाल्यानं पाह्यलं असन. तू काय पाह्यलं ते सांग." मोताळ्याहून एसटीनं येणाऱ्या मला पहिलं वर्षभर या प्रश्नाची धास्तीच होती.

सरांच्या घराच्या कुंपणावर हाडजोडीचा वेल होता, चौकोनी कांड्यांचा. मोडल्या हाडावर तो वाटून बांधतात. सर म्हणाले, "लोक बांधतात, हे मी पाह्यलं. हाड त्यानंच जुळते का, हे नाई पाह्यलं. तू पाह्य."

ते डोक्यात राहिलं. पुढे पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी त्याच वेलातली फ्लेवोनॉइड नावाची द्रव्यं माणसाच्या मूळपेशींवर घालून पाहू लागले. मात्रा बेताची असली तर त्या पेशी हाडाच्या पेशी होऊ लागतात, कॅल्शियम धरतात. रंग टाकला की प्रयोगाच्या काचेच्या बशीत लाल ठिपके उमटतात. पहिले ठिपके दिसले, त्याच दिवशी मी सरांना फोटो पाठवला.

तिसऱ्या दिवशी सर पुण्यात हजर! सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ उभे होते. मग मान न उचलताच म्हणाले, "सुनंदा, हे तुह्या काकूले देता येईन का?"

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांची हाडं ठिसूळ झाली होती. खुब्याचं हाड मोडून त्या सहा महिने अंथरुणावर होत्या. सरांनी पिशवीतून बरणी काढली. हाडजोडी सावलीत वाळवून स्वतः केलेली पूड.

"सर, या बशीतल्या पेशी आहेत," मी म्हणाले. "मात्रा वाढली की याच पेशी मरताना मी पाहिल्यात. काकूंच्या पोटात गेल्यावर काय होईल, मला माहीत नाही."

"बरं झालं सांगतलं," म्हणत त्यांनी बरणी पिशवीत ठेवली. चहा न घेताच निघाले.

थंडीत काकू गेल्या. छातीत कफ साठला होता. मी भेटायला गेले तेव्हा सरांनी त्या पुडीचा विषय काढलाच नाही. पुण्यात परतल्यावर मात्र बशी हातात घेतली की वाटायचं, त्या पुडीनं काकू वाचल्या नसत्याही, पण रोज सकाळी चमचाभर कालवून द्यायला सरांच्या हाताला काही काम तरी राहिलं असतं.

दोन वर्षांनी सर दवाखान्यात असल्याचं कळलं. खाटेशी बसून मी एकदाचं विचारलं, "सर, माझा राग आला होता का?"

"राग काऊन येईन बाई?" सर थांबत थांबत बोलत होते. "घरी जाऊन तिले समदं सांगतलं. ती म्हणे, पोरीनं खरं सांगतलं, तिले म्हणा माह्यासाठी घाई नको करू. तुले तवाच सांगाले पाह्यजे होतं. पण तिचं बोलणं तोंडावर आलं की मले रडू फुटे."

तेव्हाही फुटलं. मी त्यांचा हात धरून बसून राहिले.

चौथ्या दिवशी सर गेले. औषध अजून निघालेलं नाही. कोणी आपल्या आईसाठी विचारलं, तर मी जे पाहिलं तेवढंच सांगते, आणि मग त्यांच्याजवळ थोडा वेळ बसते.