मावशींच्या शेजारी

कामशेतच्या बाजारात उन्हाळाभर पाणपोई चालवणाऱ्या मावशी माणसांवर खेकसत, तशाच रांजणांवरही. "कवाचं भरलंय तुला, अजून गार हुईना!" असं म्हणत त्या रांजणाला ओलं फडकं गुंडाळायच्या.

मी वाचनालयाचा चिटणीस. सुटीत पाणपोईपाशी मांडव घालून मुलांना पाण्याच्या गोष्टी वाचून दाखवायचं ठरलं, तेव्हा कुंभाराने नवा रांजण दिला आणि बाजारातल्या अत्तारभाईंनी मांडवाचं कापड. मावशी म्हणाल्या, "नुस्तं ऐकून काय करत्यात? गोष्ट झाली की वाटसरांना पाणी वाढू द्या की पोरांना."

वाचनालयाच्या कमिटीला ते पटलं. मात्र वेशीबाहेरच्या वस्तीतल्या मुलांनी गोष्ट ऐकावी, रांजणाला शिवू नये, असं ठरलं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि तो निरोपही मीच मावशींना सांगितला. त्या "बरं" एवढंच म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी त्या वस्तीतल्या एका मुलीला रांजणातून तांब्या भरायला लावला आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढे उकिडवं बसून ओंजळ धरली.

"वत गं. लय तान लागलीया."

मुलीने तांब्या एकदम कलता केला. पाणी मावशींच्या लुगड्यावर सांडलं.

"आंघूळ घालतीस व्हय मला?"

मुलं खिदळली. मुलीने हसत बारीक धार धरली. मावशी पोटभर प्यायल्या आणि माझ्याकडे वळल्या. "चिटणीस, बसा हितं. उन्हातनं आलायसा."

मी बसलो, त्या मुलीच्या हातचं पाणी प्यालो. पुढे गावात सुधारक म्हणून माझं नाव झालं. खरं सांगतो, मावशींना नाही म्हणायचा धीर झाला नाही म्हणून मी बसलो. पण बसलो त्यांच्या शेजारी, याचा अभिमान मात्र अजून वाटतो.