भेंडीचा शेंडा

कोणाचं तान्हं मूल हातात दिलं, तरी अण्णा बागायतदार त्याचं नाव विचारीत नसत. जरासं तोलून पाहत आणि म्हणत, "भरेल." काय भरेल, हे आईला उमगायच्या आत ते मळ्याकडे वळलेले असत.

मळा म्हणजे कांदिवलीला आमच्या चाळीमागे खंडाने घेतलेला तुकडा आणि त्यातली विहीर. भाजीच्या धंद्यासाठी अण्णांनी कचेरीतली नोकरी सोडली होती. "मराठी माणूस खुर्चीला चिकटून मेला," असं ते आमच्याच ओट्यावर खुर्चीत बसून सांगत. भाजी वजनावर विकतात, तेव्हा ती जितकी वाढेल तितका नफा, हा त्यांचा सिद्धांत. "आज तोडली तर शेरभर, चार दिवसांनी दोन शेर. घाई कसली?" भेंडी वीतभर लांब झाली तरी अण्णा आपले कौतुकाने बघत उभे. दुधीला नख लागत नसे आणि काकडीत बियांखेरीज काही सापडत नसे.

आता भेंडी घेताना शेंडा मोडून बघू नये, हे कोणत्या बाईला सांगणार? टचकन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर जून. अण्णांचे सगळे शेंडे वाकत. म्हणून त्यांनी मळ्याच्या दारावर पाटी लावली : 'भेंडीचा शेंडा मोडू नये.' गिऱ्हाइकं पाटी वाचून परस्पर बाजारात जाऊ लागली. आईने एकदा शेंडा मोडायला घेतलाच.

"वहिनी, सोनाराकडे दागिना चावून बघता का?"

"तुमच्यासारखा सोनार असला तर बघेन की!"

न खपलेली भेंडी घरच्या पातेल्यात जाई. अण्णांची बायको, आमच्या काकू, शेजारणींची पोलकी शिवून घर चालवीत आणि रात्री त्या भेंडीचा चोथा चावीत. "एकदा तरी कोवळी तोडू द्या हो. मी विकून दाखवते," असं त्या कितीदा म्हणाल्या असतील. "तुला धंद्यातलं कळत नाही," हे ठरलेलं उत्तर. ज्या धंद्यावर घरात मीठही येत नव्हतं, त्यातलं! मला अजून संताप येतो.

ऐन भेंडीच्या दिवसांत अण्णा तापाने गेले. दहाव्याला विहिरीपाशी पिंड ठेवला, तर एक कावळा खाली उतरेल तर शपथ. पुतण्याने मळा सांभाळायचं वचन दिलं. कावळे ढिम्म. मग सगळे काकूंकडे बघू लागले.

"म्हण गं, भेंडी त्यांच्या मनासारखीच वाढवीन," मोठ्या जाऊबाई कुजबुजल्या.

काकू पदर सावरून उभ्या राहिल्या. "मळा मोडणार नाही. पण तेरावा झाला की भेंडी कोवळी तोडणार. पटत असेल तर या."

कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली.

तेराव्यानंतर काकूंनी ती पाटी चुलीत घातली. टोपली घेऊन मळ्याच्या दाराशी बसल्या आणि येईल त्या बाईला स्वतःच म्हणू लागल्या, "मोडून बघा." मी पोलक्याचं माप द्यायला गेले तोवर टोपली रिकामी झाली होती. वाफ्यात मात्र एका झाडावर वीतभर लांब भेंडी तशीच लटकत होती.

"काकू, ही राहिली."

"राहू दे. बियाण्याला ठेवलीय." त्यांनी भेंडी हलकेच तळहातावर तोलली. "भरेल," म्हणाल्या, आणि इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेल्या काकू तिथेच वाफ्यात बसून रडल्या.